विस्तव मागायला

आई, आज सकाळी दूध तापत ठेवलं आणि गॅस संपला. दुसरा सिलिंडर यायला संध्याकाळ होईल म्हणाले. मी पातेलं उचललं आणि समोरच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथं एक तरुण जोडपं राहतं, दोघंही नोकरीला जातात. त्या मुलीनं पातेलं हातातून घेतलं, मला बसवलं, आणि दूध वर येईपर्यंत ओट्याशी उभी राहून विचारत राहिली, "काकू, बरं आहे ना तुमचं? चेहरा उतरलाय." बरं आहे म्हणाले. घरी येऊन खुर्चीत टेकले तेव्हा लक्षात आलं, की इतक्या वर्षांत मी कुणाच्या दारात अशी गेलेच नव्हते. तू मात्र आयुष्यभर हेच केलंस, फक्त उलट्या बाजूनं. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. तुला जाऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली. एक गोष्ट तुला सांगायची राहिली असं म्हणणार होते, पण ती तुला माहीतच आहे. जिला सांगायला हवी होती तिला मी सांगितली नाही.

आपली गल्ली उतारावर होती. वरच्या टोकाला नगरपालिकेचा नळ, खालच्या टोकाला ओढा आणि कातडी भिजवायची कुंडं, मध्ये वीस-बावीस घरं. चामड्याचं काम करणारी सगळी. पुरुष तळ कापायचे, ठोकायचे, बायका पट्ट्यांच्या वेण्या घालायच्या. पेठेतली माणसं आमच्या हातच्या चपला घालून फिरायची, पण आमच्या गल्लीत पाऊल टाकायची नाहीत. पेठेतला एक डॉक्टर औषधाची पुडी पायरीवर ठेवायचा आणि तो आत गेल्यावर आम्ही ती उचलायची. बाळंतपणाला बाहेरची सुईण यायची नाही. तू एकदा म्हणालीस, "आपल्याकडं कोण येणार हुतं? आपुनच आपल्याकडं जायाचं." तू हे रडगाणं म्हणून नव्हतीस म्हणाली, हातातली वेणी ओढून घट्ट करत म्हणालीस.

पहाटे नळाला पाणी यायचं. कट्ट्यावर उभं राहिलं की सगळ्या घरांची कौलं खाली उतरत गेलेली दिसायची. तू घागर नळाखाली लावायचीस आणि ती भरेपर्यंत कौलांवरून नजर फिरवायचीस. मला वाटायचं, तू उजाडताना बघतेस. तू धूर बघत होतीस. कुणाच्या कौलांतून धूर निघतोय, कुणाच्या नाही. दिवस कासराभर वर आला तरी एखादं घर थंड दिसलं, तर तिथं काहीतरी आहे. ताप आहे, पीठ संपलंय, रात्री मारहाण झालीय, नाहीतर बाळंतपणात कुणी अडलीय. तुझ्या मागं कोपऱ्यावरच्या घरातली काकी उभी असायची. तिला तू नुसती हनुवटी उचलून दाखवायचीस. काकी म्हणायची, "बघिटलं. घागर ठेवतो नि जातो." शाळेत बाई आम्हाला 'ठेवते, जाते' म्हणायला शिकवायच्या. नळावर आपण सगळ्या जणी 'ठेवतो, जातो'च म्हणायचो.

जायचं ते हातात खापरी, म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा घेऊन, विस्तव मागायला. ही रीत तू घातलीस की तुझ्या आधीपासूनची होती, ते मी कधी विचारलं नाही. पण ती मला कशी कळली ते चांगलं आठवतं. स्वातंत्र्य मिळून एखादं वर्ष झालं असेल, मी आठ-नऊ वर्षांची. ओढ्याकडच्या एका घरावर धूर नव्हता. तुझे हात वेणीत गुंतलेले, म्हणून तू मला पाठवलंस. मी दारात उभी राहून म्हणाले, "तुमच्या कौलांवर धूर न्हाय म्हणून आईनं बघून याय सांगितलंय." त्या घरातल्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. "चूल पेटली हाय आमची, आत्ताच विझली," एवढं बोलून तिनं दार लोटून घेतलं.

तू मारलं नाहीस. हातातलं खाली ठेवलंस, मला समोर बसवलंस. "काय म्हणालीस तिला?" मी सांगितलं. "उपाशी माणसाला तू उपाशी हाईस म्हणून सांगाय जायाचं नसतंय. त्याच्याकडं मागाय जायाचं. दारात मागणारा आला म्हंजी त्याला वाटतंय, आपुन अजून देणाऱ्यातलं हाय. कळलं?" मी मान हलवली. "मग विस्तव माग. नसला तर ती काय म्हणंल?" मी म्हणाले, "न्हाय म्हणंल." "मग म्हणायचं, थांबा काकी, मी खालनं आणतो, दोघींचंबी पेटवू. झालं. आत जायाला वाट झाली." खापरी घेऊन मला परत पाठवलंस. त्या दिवशी त्या घरात दोन पोरं तापानं फणफणलेली निघाली आणि पिठाचा डबा रिकामा होता. संध्याकाळपर्यंत एका घरानं भाकरी धरली, एकानं पाणी, एकानं थोरली पोरगी सांभाळायला नेली. त्या बाईच्या अर्धवट राहिलेल्या वेण्या काकीनं घरी आणून घातल्या, म्हणजे दुकानदाराकडचं काम तुटायला नको. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. नळावर ती बाई दिसली तेव्हा काकी म्हणाली, "तुझी वेणी मी घातली खरं, पर दुकानदार म्हणतोय ही कुणी कडबा बांधल्यागत बांधलीय?" आणि सगळ्या हसल्या. ती बाईही हसली.

सगळंच असं गोड नव्हतं, हेही तुला माहीत आहे. खालच्या अंगाला एका घरात सून खोकायला लागली आणि तिच्या थुंकीत रक्त दिसलं. गल्लीनं भाकरी दिली, पण उंबऱ्यावर ठेवून. तिच्या दोन पोरांना त्याच दिवशी गाठोडं बांधून तिच्या माहेरी धाडलं. ते तूच ठरवलंस. "क्षयाच्या घरात पोरं ठेवायची न्हाईत. त्याच दिशी न्यायची, रडू देत न्हाईतर काय बी करू देत," असं तू नळावर सगळ्यांसमोर सांगितलंस. तुझं बरोबर होतं. दहा वर्षांत दोन घरं अशी मोकळी झालेली तू बघितली होतीस. ती सून उन्हाळ्यात गेली. पोरं तिला परत दिसली नाहीत.

मी पंधरा वर्षांची झाले, सातवीच्या फायनल परीक्षेचं वर्ष आलं. गल्लीतली फायनलला बसणारी मी पहिली मुलगी. पास झाले तर ट्रेनिंगला जाणार, मास्तरीण होणार, हे आपल्या घरापेक्षा काकीलाच जास्त पाठ झालं होतं. येईल त्याला सांगायची, "आमची पोरगी आता पेठेतल्या पोरांचं कान पिळणार हाय." तू आणि आबांनी माझ्यासाठी चपला करायला घेतल्या होत्या. आपल्या घरात कुणी पायात घालत नव्हतं, सगळं विकायला. आबांनी तळ कापून दिले आणि चैत्राच्या यात्रेला माल घेऊन जोतिबाला गेले. वेण्या तू घालणार होतीस.

तुझा खोकला तेव्हा दोन महिन्यांचा जुना होता. चुलीतल्या सालीच्या धुरानं येतो म्हणायचीस. बाळंतिणीच्या खोलीत जायचं तू बंद केलं होतंस, काकीला पुढं करायचीस, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. आबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठलीच नाहीस. उशाशी थुंकायला राखेचं मडकं होतं. मी त्यातलं रक्त बघितलं, आणि तू मला बघताना बघितलंस.

"परीक्षा कवा हाय?" तू विचारलंस. मी म्हणाले, परवापासून चार दिवस. तू आढ्याकडं बघितलंस. मला कळत होतं तू काय मोजते आहेस. आता नळावर कळलं, की बायका खापऱ्या घेऊन येणार, आत येऊन बघणार, आणि दुपारच्या आत माझं गाठोडं बांधून मला कुरुंदवाडला मामाकडं धाडणार. तुझाच नियम. तो तुझ्या घरासाठी मोडायला कुणी तयार झालं नसतं, काकी तर नाहीच. मग तू म्हणालीस, "चूल पेटीव. रोज पेटीव. धूर दिसू दे. परीक्षा हुईस्तवर कुणाला काय कळाय नगो. आनि तू माझ्याजवळ येऊ नगोस, तिकडं दाराकडं बसून वाच."

मी चूल पेटवली. कातडी कमवून उरलेल्या बाभळीच्या सालीचा चोथा आपण वाळवून जाळायचो. थोडा ओलसर असला की जाळ कमी आणि धूर फार. मी मुद्दाम ओलसर घेतला, घरात कोंडून तुला ढास लागू नये म्हणून मागचं दार उघडं टाकलं, आणि घागर घेऊन नळावर गेले. तुझ्या जागी उभी राहिले. "आई कुठाय गं?" काकीनं विचारलं. "जत्रंचा माल हाय, वेण्या घालत बसलीया." "एवढं काय काम काढलंय? नळावर याला बी सवड न्हाय, कारखानदारीण झाली व्हय तुझी आई?" मी हसले. कौलांकडं बघितलं. आपल्या घरावर दाट पांढरा धूर उभा होता. काकीही बघत होती. "आनि सकाळच्या पारी ही भट्टी कसली लावलीया? जेवणावळ हाय काय?" मी म्हणाले, "चोथा ओला हाय." ते खरंच होतं.

असे दोन दिवस गेले, मग परीक्षेचे दोन. मी सकाळी चूल पेटवायची, नळावर जाऊन धूर बघायची, कुणाचं घर थंड असेल तर काकीला सांगायची, आणि तुझ्याजवळ पाण्याचा तांब्या नि भाकरी ठेवून पेपराला जायची. पेठेतल्या शाळेत नंबर आला होता. बाकावर बसायला आडकाठी नव्हती, पण मधल्या सुट्टीत पाणी प्यायचं तर कुणीतरी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून उभं राहायचं. कधी कुणी ओतायचं, कधी विसरायचं. मी तहानलेली घरी यायची. तू भिंतीला टेकून चपलेची वेणी घालत बसलेली असायचीस. डाव्या पायाची पुरी झाली होती.

परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी गणित होतं. मी चुलीपुढं बसून साल रचत होते. तू हाक मारलीस, आवाज अगदी बारीक झाला होता. "आज चूल राहू दे." मी वळून बघितलं. "नगो पेटवू आज. येऊ देत त्यास्नी. काकीला म्हणावं, मी बोलीवलंय. ये म्हणावं." तू रडत नव्हतीस. थंडीत बसलेलं माणूस अंगावर घ्यायला काही मागतं, तसं मागितलंस. मी म्हणाले, "आई, दोनच पेपर राहिल्यात." मी राखेतला निखारा उकरला. साल पेटायला वेळ लागला, मी वाकून फुंकत राहिले, आणि धूर वर गेला. मग मी घागर उचलली. नळावर काकी उभी होती. तिनं विचारलं, "आई बरी हाय न्हवं?" मी "व्हय" म्हणाले. तुझा निरोप तोंडात होता. घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि मी गणिताच्या पेपराला गेले.

चौथ्या दिवशी पेपर देऊन आले तेव्हा मडक्याबाहेर, अंथरुणावर, तुझ्या लुगड्यावर सगळीकडं रक्त होतं आणि तू डोळे मिटून पडली होतीस. मी तशीच काकीकडं धावले. पुढचं तुला किती कळलं माहीत नाही. काकी खापरी न घेता आली. उंबऱ्यावर थांबली नाही, आत येऊन तुझं डोकं मांडीवर घेतलं. गाडी जुंपली, मिरजेला नेलं, चार घरच्या चार बायका बरोबर गेल्या. मला त्याच दिवशी कुरुंदवाडला धाडलं. तू आणखी अकरा दिवस होतीस. आबा यात्रेहून थेट तिकडं आले, आणि तुझ्याजवळ आळीपाळीनं कुणीतरी बसून होतं, असं मला सांगितलं. मी नव्हते.

मी परत आले तेव्हा आपली चूल थंड होती. सुतकाच्या घरात पेटवत नाहीत. बाराव्यापर्यंत रोज वेगवेगळ्या घरची भाकरी आली. काकी माझ्यासमोर ताट ठेवायची आणि एकच गोष्ट परत परत बोलायची. "मला दिसाय पायजे हुतं. एवढा धूर कुठली चूल करती? मी येडी, जेवणावळ म्हणून चेष्टा करतो." मी भाकरी मोडत राहायची. चपलेची उजव्या पायाची वेणी तिनं पुरी केली. डावी तुझी, घट्ट, उजवी तिची, ढिली. ट्रेनिंगची दोन्ही वर्षं मी त्याच घालून काढली. उजवा पाय चालताना थोडा निसटायचा.

तुझ्यानंतर नळाच्या कट्ट्यावर काकी उभी राहायला लागली, पण धूर बघायचं तिनं सोडून दिलं. रोज सकाळी खापरी घेऊन निघायची आणि पाळीपाळीनं घरं घ्यायची, धूर असो नसो. माणसं हसायची. "काकी, तुमच्या चुलीला झालंय काय? रोजच विझती व्हय?" "व्हय बाबा, म्हातारी चूल हाय," म्हणायची आणि आत शिरून अंथरुणावर कोण आहे ते बघून यायची. पुढं काड्यापेट्या घरोघरी झाल्या, स्टोव्ह आले, तरी तिची खापरी सुटली नाही. नगरपालिकेची नर्सबाई गल्लीत यायला लागली, तर काकी तिच्या पुढं चालायची. मी शाळेतून येताना एकदा ऐकलं, ती नर्सबाईला सांगत होती, "बाहेरनं काय बघू नगा, बाई. आत जावा." त्या वर्षी दोन सुनांचा खोकला असा लवकर सापडला. सुया मिळायला लागल्या होत्या. दोघीही वाचल्या, आणि नर्सबाईनं समजावल्यावर त्यांची पोरंही लांब गावाला न धाडता शेजारच्या घरात राहिली. दारातून आईला दिसत होती.

बऱ्याच वर्षांनी मी एका डॉक्टरबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की अशा आजारात दोन दिवस आधी कळलं तर फरक पडतो का. त्या म्हणाल्या, दोन दिवसांनी काही होत नाही, दोन महिने आधी कळायला हवं. मला बरं वाटायला हवं होतं. पण तू त्या सकाळी जगायचं मागितलंच नव्हतंस. काकी जवळ येऊन बसावी, एवढंच मागितलं होतंस.

काकी गेली तेव्हा माझी नोकरी संपायला आली होती. शेवटच्या आजारात मी तिला भेटायला गेले. खोलीत बायका मावत नव्हत्या. तिनं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि माझा हात धरला. "एक इचारू? तुझ्या आईनं मला बोलीवलं न्हाई. सगळ्या गल्लीत मी तिच्या जवळची, आनि तिनं मला बोलीवलं न्हाई. एवढी परकी हुतो का गं मी?" तिच्या उशाशी ती काळी खापरी होती, आता तिच्यात सुपारी ठेवलेली. मी खापरीकडं बघत राहिले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "आईचा स्वभावच तसा होता, काकी. मानी होती. कुणाला त्रास द्यायची नाही." काकीनं मान हलवली आणि हात सोडला. "व्हय," म्हणाली, "मानीच हुती."

ते पुढं गल्लीत पसरलं. आता नळही नाही आणि कौलंही नाहीत, पण जुन्या घरातली कुणी भेटली तर तुझं नाव अजून काढते, आणि म्हणते, फार मानी बाई, मरताना कुणाला हाक मारली नाही. चांगलं म्हणूनच म्हणतात. मी ऐकून घेते. अजून एकदाही मी कुणाला सांगितलं नाही, की तू हाक मारली होतीस.